दर हंगामाला आमचा 'ल' का बदलतो? पाच साधनं, एक मंडळ आणि तेच तेच दुखणं

गेल्या डिसेंबरात खानापूरकडच्या एका काकूंचा फोन आला. "नोंदणीचं ते काय पाठवलंय, ते तुमचंच की वो? अक्षर तुमचं वाटत नाही." मी म्हटलं, आमचंच आहे, भरा बिनधास्त. त्या म्हणाल्या, "मुलगा म्हणतोय भरू नको, फसवणूक असंल." आणि नाहीच भरला त्यांनी. शेवटी माझ्या वहीत नाव लिहून घेतलं.

मला राग आला नाही, शरम वाटली. ओटीपी विचारणाऱ्या चोरट्यांनी लोकांना एवढं तरी शिकवलंय की ओळखीचं दिसत नसेल तर हात लावायचा नाही. काकू बरोबर होत्या. आमच्या संकेतस्थळावरचा 'वाचनालय' हा शब्द आणि फॉर्मवरचा 'वाचनालय' हा शब्द एका घरचे दिसत नव्हते. 'ल' वेगळा, लाल रंग वेगळा, बोधचिन्हाभोवती पांढरा चौकोन.

आमचं मंडळ छोटं. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि मधली काही खेडी. पुस्तकांची देवघेव हे मुख्य काम, आणि हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा अशी गावोगावची साहित्य संमेलनं सुरू झाली की तिथं टेबल मांडणं. साधनं पाच: वर्डप्रेसवरचं संकेतस्थळ, कोहा या ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवरचा पुस्तकांचा कॅटलॉग, विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीवरचा गावशब्दांचा संग्रह, गुगल फॉर्म, आणि कॅनव्हामध्ये केलेली व्हॉट्सॲपची कार्डं. शिवाय फ्लेक्स. फ्लेक्स हे सॉफ्टवेअर नाही हे मला कळतं, पण सगळ्यात जास्त लोक तेच बघतात.

हे सगळं आम्ही तीनदा एकसारखं केलं आणि तीनदा विस्कटलं. चौथ्या वेळी मी हट्टाने कारणं लिहून ठेवली. तुमच्या तरुण मंडळाचं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं किंवा गडकोट फिरणाऱ्या गटाचं असंच होत असेल तर पुढचं वाचा.

रंगापासून सुरुवात करू नका

प्रत्येक बैठकीत पहिला वाद रंगावर होतो, कारण रंगावर प्रत्येकाला मत असतं. आम्ही दोन वर्षं रंग जुळवत बसलो. पण मराठी वाचणाऱ्या माणसाला परकेपणा आधी अक्षरात टोचतो. काकूंनीही 'अक्षर तुमचं वाटत नाही' असंच म्हटलं होतं, रंगाचं नाव काढलं नव्हतं. म्हणून आधी अक्षर.

त्यासाठी आम्ही एक वाक्य बनवलं. पाचही साधनांवर, फ्लेक्सच्या नमुन्यावरसुद्धा, हे एकच वाक्य टाकून बघायचं:

"बेळगाव शहापूरच्या वाचनालयात येणाऱ्या ॲड. कुलकर्णींनी ५८ पुस्तकं परत केली."

वाक्याला अर्थ फारसा नाही, पण अक्षरांची सगळी दुखणी त्यात आहेत. एकेक शब्द घेऊन बघा.

'वाचनालयात' आणि 'शहापूर'

'ल' आणि 'श' बघा. मराठी वळणाचा ल पाकळीयुक्त, श देठयुक्त. महाराष्ट्र शासनाने लिपी आणि वर्णमालेचा निर्णय २००९ मध्ये काढला, २०२२ मध्ये तो सुधारला, आणि शाळेत आपण हीच वळणं गिरवली आहेत. पण बऱ्याच देवनागरी फाँटांत हिंदी वळण पहिलं धरलेलं असतं. मराठी वळण त्याच फाँटच्या पोटात असतं, फक्त 'हा मजकूर मराठी आहे' असं कुणीतरी सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

सांगायचं कसं? पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा गुणधर्म असतो, लँग. तिथं 'एमआर', म्हणजे मराठीचा संकेत, हवा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथं मराठी निवडली की ते आपोआप होतं. आमच्या संकेतस्थळावर कुणीतरी 'मेनू इंग्रजीत बरा पडतो' म्हणून भाषा इंग्रजी ठेवली होती. डॅशबोर्ड इंग्रजीत हवा तर आपल्या प्रोफाइलमध्ये भाषा बदला, साऱ्या साइटची कशाला? मीडियाविकीत लोकलसेटिंग्ज फाइलमध्ये भाषेचा संकेत एकदा मराठी केला की वाचकाने स्वतःसाठी मेनू इंग्रजी ठेवला तरी मजकुराला मराठीचीच खूण राहते. ही गोष्ट मला फार आवडली.

कोहात जरा पेच आहे. कॅटलॉगचा मेनू इंग्रजीत ठेवला तर सगळं पान इंग्रजी म्हणून जाहीर होतं आणि पुस्तकांची मराठी नावं हिंदी वळणात दिसतात. आम्ही 'ओपॅक यूजर जेएस' या सेटिंगमध्ये एक छोटी ओळ टाकून पुस्तकाच्या नावापुरती मराठीची खूण लावली. हा जुगाड आहे, मान्य. पण सगळ्या पानालाच मराठी म्हणून टाकलं असतं तर अंधांसाठीचं वाचन-सॉफ्टवेअर इंग्रजी मेनूसुद्धा मराठी आवाजात वाचायला लागलं असतं. ते नको.

खूण लावूनही ल बदलला नाही, तर त्या फाँटमध्ये मराठी वळण नाहीच असं समजा आणि फाँट बदला. त्यावर वेळ घालवू नका.

ल नव्हे, सगळंच अक्षर वेगळं दिसतंय

माझ्या लॅपटॉपवर एक, वहिनीच्या आयफोनवर दुसरं, ग्रंथपाल गुरुजींच्या अँड्रॉइडवर तिसरं. असं दिसलं की संकेतस्थळ बिघडलं असं वाटतं. खरं म्हणजे आपला फाँट पोचलेलाच नसतो आणि प्रत्येक यंत्र आपल्या घरचं अक्षर वाढत असतं: विंडोजवर निर्मला यूआय किंवा जुन्या यंत्रात मंगल, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो.

खात्री करायची तर क्रोममध्ये त्या शब्दावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा, 'कंप्यूटेड' या भागात तळाशी जा. 'रेंडर्ड फाँट्स' असं लिहिलेलं सापडेल. खरोखर वापरात आलेल्या फाँटचं नाव तिथं असतं. सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या फाइलीत, काय लिहिलंय ते वाचत बसू नका. ती फक्त आपली इच्छा असते.

आमच्याकडे याची दोन कारणं निघाली. दोन्ही पुन्हा पुन्हा येणारी आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं: साइट वेगवान करणारं एक प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम. ते बाहेरून येणारे फाँट उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवतं. चांगलीच गोष्ट. पण फाँट लिपीनुसार तुकड्यांत येतात, आणि त्याने फक्त लॅटिन तुकडा उतरवला. इंग्रजी झकास, मराठी उपाशी. आम्ही देवनागरी तुकडा हाताने टाकला, सगळं जुळलं, पेढे वाटले. तीन महिन्यांनी प्लगिन अपडेट झालं आणि देवनागरी पुन्हा गायब. इलाज असा की फाँटचं काम प्लगिनकडून काढूनच घ्या. देवनागरीसकट फाइल स्वतः सर्व्हरवर ठेवा आणि प्लगिनमध्ये 'फाँटला हात लावू नको' हा पर्याय निवडा.

दुसरं कारण शोधायला मला तीन रात्री लागल्या. फाँट आणि रंगाची फाइल आम्ही मुख्य संकेतस्थळावर ठेवली आणि कॅटलॉगला, जो वेगळ्या उपपत्त्यावर आहे, तिथूनच घ्यायला सांगितलं. कॅटलॉगला रंग आला, अक्षर आलं नाही. फाइल तीच, रस्ता तोच, मग अर्धंच कसं? तर ब्राउझर सीएसएस दुसऱ्या पत्त्यावरून मुकाट्याने घेतो, पण फाँट घेताना त्या सर्व्हरची परवानगी मागतो. या परवानगीला कॉर्स म्हणतात. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये फाँटच्या फाइलींसाठी ती एक ओळ घालावी लागते. 'रंग आला, अक्षर नाही' हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका, थेट इथं या. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत लिहिलेलंही असतं. मी ते वाचलं नव्हतं, एवढंच.

'येणाऱ्या'

इथं 'येणार्या' असं, रफार घेऊन दिसत असेल तर फाँटचा दोष नाही, टंकनाचा आहे. ऱ्या दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा स्वतंत्र ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण हे अदृश्य चिन्ह वाटेत गळून पडतं. आमच्या एका उत्साही पोराने पुस्तकांची यादी 'स्वच्छ' करायला छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, तिने सगळी अदृश्य अक्षरं झाडून काढली. दुसऱ्या दिवशी कॅटलॉगमध्ये 'सुर्या' आणि 'सुऱ्या' यांतला फरकच संपला. एक सूर्याचा अपभ्रंश वाटावा, दुसऱ्या भाजी चिरायच्या!

आता आम्ही सगळीकडे नुक्त्याच्या ऱ चाच प्रकार वापरतो. शोधालाही ते बरं, कारण दोन प्रकारे लिहिलेला एकच शब्द शोधयंत्राला दोन शब्द वाटू शकतात.

'ॲड.'

याचे तीन अवतार फिरतात. अ वर चंद्र देऊन जोडलेला, हिंदी कीबोर्डवरचा ऍ, आणि ॲ हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) २००८ साली आलं. जोडलेल्या प्रकारात काही फाँट चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. कार्डावर 'ॲड.' च्या जागी तसं वर्तुळ छापून आलं तर वकीलसाहेबांना आवडत नाही, हे अनुभवाने सांगतो. स्वतंत्र ॲ वापरा आणि जुना मजकूर 'शोधा आणि बदला' करून एकदाच निस्तरा.

'कुलकर्णींनी'

हा शब्द मुद्दाम आहे. णी वर रफार, वेलांटी, अनुस्वार असे तीन मजले चढलेत. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार साच्यात, ओळीची उंची बेताची असते आणि बटणांना तर त्याहून कमी. मग वरचा मजला कापला जातो आणि 'कुलकर्णी' उरतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट, मजकुरात १.६ ठेवा, बटणात वरखाली जागा सोडा.

याच शब्दात शिरोरेषा बघा. मध्ये फटी दिसतात का? इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ऐसपैस दाखवायला थीमवाले अक्षरांमध्ये अंतर घालतात. इंग्रजीत ते छान दिसतं. देवनागरीत रेषाच तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लेटर स्पेसिंग शून्य करा, सरसकट. आणि ठळक अक्षर चिखल झाल्यासारखं दिसत असेल तर ठळक वजनाची फाइल भरलेली नाही, ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवतोय. तिरक्या अक्षरांचंही तेच. देवनागरीत तिरकं अक्षर हा आपला रिवाज नाहीच. सीएसएसमध्ये फाँट सिंथेसिस बंद केलं की हे नकली प्रकार थांबतात आणि काय कमी आहे ते निदान कळतं.

'५८' बद्दल फार बोलत नाही. आपण लिहितो ते आकडे देवनागरी, सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं त्या तारखा जशा येतात तशा. त्यांच्यामागे लागलो होतो, सोडून दिलं.

शेजारी कन्नड असेल तेव्हा

आपल्या भागात हा प्रश्न टाळून चालत नाही. आमच्या निम्म्या सभासदांची मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत, कार्ड दोन लिप्यांत निघतं. शिवाय फलकांवर ६० टक्के कन्नड हवं अशी तरतूद कर्नाटकाने २०२४ मध्ये कायद्यात केली, तेव्हा बाहेरच्या पाटीचा आराखडा करताना कन्नडचा भाग आधी आखून मग मराठीला जागा करावी लागते. उलटं केलं तर शेवटी कुणाची तरी अक्षरं चिणली जातात, आणि ती कुणाची चिणली यावरून भांडण लागतं.

देवनागरी वरून रेषेला टांगलेली, कन्नड गोलाकार. दोन्ही एकाच मापात ठेवली तरी एक मोठी, एक बारकी वाटते आणि काळेपणाही जुळत नाही. वेगवेगळ्या घरचे दोन फाँट शेजारी बसवण्यात आम्ही बराच वेळ घालवला. मुंबईच्या एक टाइपने २०२२ मध्ये 'अनेक' हा दहा लिप्यांचा फाँट-परिवार मोफत उपलब्ध केला. त्यात देवनागरी, कन्नड आणि लॅटिन एकाच जाडीच्या हिशेबाने आखलेत. शीर्षकांसाठी तो घेतला आणि वाद मिटला. मजकुरासाठी मुक्ता, कारण वाचायला डोळ्यांना बरा. पण मुक्तात कन्नड नाही, हे ध्यानात ठेवा.

नावाचंही एकदा ठरवून टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी आहे, आपण बोलताना लिहिताना बेळगाव. आमच्याकडे मजकुरात बेळगाव आणि टपालाच्या पत्त्यात बेळगावी, एवढाच नियम. आधी एकाच पानावर तीन स्पेलिंगं होती.

आता रंग

आमचा रंग मरून, चौकटीच्या खणासारखा. मी सगळ्या साधनांवरून रंगाचे आकडे उचलले तेव्हा एकाच मरूनचे पाच मरून निघाले. ठरवलेला होता लाल १२२, हिरवा ३१, निळा ३१. कार्डावर ११९, ३६, ३४. फॉर्मवर १३९, ०, ०. फॉर्मवाल्याने 'मरूनच ना?' म्हणून यादीतला जवळचा रंग निवडला होता. कार्डवालीने व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतून ड्रॉपरने रंग उचलला होता, आणि फोटो दाबून लहान होताना रंग थोडा हलतोच. पुढच्या वर्षी तिच्या कार्डावरून दुसऱ्याने उचलला. कानगोष्टींचा खेळ तो, शेवटच्या गड्यापर्यंत पोचेस्तोवर मरूनचा विटकरी होतो.

एक सभासद मात्र प्रत्येक बैठकीत 'हा चॉकलेटी आहे' म्हणायचे. त्यांच्या फोनवर रात्रीचा पिवळा प्रकाश चोवीस तास चालू होता. रंगाची तक्रार आली की आधी हे विचारा.

दुसरा रंग केशरी: २५५, १५३, ५१. त्यावर पांढरी अक्षरं संमेलनाच्या मांडवात छान वाटतात, पण फोनवर उन्हात दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीतला उठाव मोजता येतो, साध्या मजकुराला किमान ४.५ हवा, मोठ्या शीर्षकाला ३. केशरीवर पांढरं भरतं जेमतेम २.१. त्याच केशरीवर आमचा मरून ठेवला तर ४.८, आणि मरूनवर पांढरं दहाच्या वर. म्हणजे रंग बदलायची गरजच नव्हती, जोडी बदलायची होती. 'केशरीवर पांढरं लिहायचं नाही' हे एक वाक्य आमच्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात बसलं आणि निम्म्या तक्रारी संपल्या.

बोधचिन्ह, व्हॉट्सॲप आणि फ्लेक्सवाला दादा

बोधचिन्हाभोवती पांढरा किंवा काळा चौकोन आला की ते फोटो म्हणून पाठवलं गेलंय. फोटो म्हणून पाठवताना पारदर्शकपणा जातो आणि चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून बरं, पाठवूच नका, एका ड्राइव्हच्या फोल्डरचा दुवा द्या. आमच्याकडे डीपीवरून कापून घेतलेलं बोधचिन्ह सहा फुटी फ्लेक्सवर गेलं होतं. पुस्तकाच्या जागी विटा दिसत होत्या.

फ्लेक्सच्या दुकानाची गोष्ट निराळी. खडेबाजारापासून निपाणीपर्यंत बऱ्याच डीटीपीवाल्यांचा हात अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांवर बसलेला आहे. त्यांना युनिकोड मजकूर दिला की वेलांटी भलतीकडे उडते, नाहीतर रोमन अक्षरांचा चिवडा होतो. मग ते बिचारे सगळं पुन्हा टाइप करतात, त्यांच्या फाँटमध्ये, त्यांच्या ल मध्ये. चूक त्यांची नाही. आपण मजकूर देतो, तिथं चुकतो. शीर्षक आणि नाव कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षराचं चित्र-रेषेत रूपांतर करून, पीडीएफमध्ये द्या. मग फाँट त्यांच्याकडे असो नसो. आणि छापाईसाठी रंगाचे चार वेगळे आकडे द्या, कारण पडद्यावरचा केशरी शाईत तसा उतरत नाही, मळकट होतो. एकदा छोटा तुकडा छापून घेऊन, पटला की तेच आकडे लिहून ठेवायचे.

एवढं करूनही पुन्हा का बिघडतं

कारण आपण दुरुस्ती चुकीच्या जागी ठेवतो. वर्डप्रेसमध्ये मूळ थीमच्या फाइलीत बदल केला तर थीम अपडेट झाली की तो पुसला जातो. 'ॲडिशनल सीएसएस' मध्ये किंवा चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसवलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये) ठेवला तर टिकतो. कोहात टेंप्लेटच्या फाइलींना हात लावू नका, 'ओपॅक यूजर सीएसएस' या सेटिंगमध्ये लिहा. ते डेटाबेसमध्ये राहतं. मीडियाविकीत 'कॉमन डॉट सीएसएस' नावाचं पानच असतं, त्यात लिहा. त्याचं एक आहे: लॉगिन आणि पसंतीच्या पानांवर हे सीएसएस मुद्दाम लागू होत नाही, सुरक्षेसाठी. तिथं पान परकं दिसलं तर घाबरून सगळं उसवू नका. मी उसवलं होतं.

दुसरं, रंग आणि फाँटचे आकडे पाच ठिकाणी लिहिले की पाच ठिकाणी वेगळे होणारच. आता सगळं एका फाइलीत आहे: दोन रंग, दोन फाँट, ओळीची उंची, बटणाच्या कोपऱ्याची गोलाई. सीएसएसच्या व्हेरिएबलमध्ये नावं दिलीत, 'मुख्य रंग', 'जोड रंग' अशी, आणि संकेतस्थळ, कॅटलॉग, विकी ही तिन्ही साधनं तीच फाइल घेतात. ती एक फाइल एखाद्या दिवशी पोचली नाही तर काय, म्हणून प्रत्येक ठिकाणी व्हेरिएबलसोबत राखीव रंगही लिहिलाय. फाइल बदलली की नावातला क्रमांक वाढवतो, नाहीतर लोकांचे ब्राउझर महिनाभर जुनीच दाखवतात आणि आपण निम्म्या गावाला 'कॅशे क्लिअर करा' शिकवत फिरतो. स्वतः तपासताना नेहमी इनकॉग्निटो खिडकीत.

फॉर्मच्या अक्षरावर आपला पूर्ण ताबा नाही, मोजक्या फाँटांतून निवडायचं. म्हणून वरची पट्टी चित्र म्हणून बसवली, आपल्या अक्षरात, आपल्या मरूनमध्ये, आणि रंगाचा आकडा नेमका टाकला. खालचे प्रश्न वेगळ्या अक्षरात आहेत, असू देत. मांडणीच्याही मागे लागू नका. कॅटलॉग कॅटलॉगसारखा दिसावा, विकी विकीसारखी. दार ओळखीचं असलं की आतल्या खोल्या वेगळ्या चालतात.

पण बटणावरचे शब्द मात्र सगळीकडे तेच ठेवा. आमच्याकडे एकाच कामाला 'नोंदणी', 'रजिस्टर करा' आणि 'सभासद व्हा' असे तीन शब्द होते. लोक तीनदा भरायचे.

यंदा फॉर्म पाठवल्यावर दोन दिवसांनी खानापूरच्या काकूंचं नाव यादीत दिसलं, फोन न येता. खाली 'सूचना' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'मागच्या वेळचा फॉर्म कुणाचा होता ते कळलं का?'

आणि ते तपासणीचं वाक्य अजून सगळीकडे आहे. प्रत्येक अपडेटनंतर तेच बघतो. कॅटलॉगमध्ये पुस्तकाच्या नावात टाकून भागेना, सभासदांच्या पानावरही अक्षर तपासायचं होतं, म्हणून ॲड. कुलकर्णी नावाचं एक खोटं खातं काढून त्यावर दोन पुस्तकं चढवून ठेवली. परवा निपाणीहून नव्याने काम बघायला लागलेल्या मुलीचा निरोप आला: या वकीलसाहेबांची वर्गणी कधीच आलेली नाही, दोन पुस्तकं कित्येक महिने परत नाहीत, आणि दिलेला फोन नंबर लागत नाही, तेव्हा घरी जाऊन यायचं का?